गाडीतला जीपीएस: वेगळं यंत्र घ्यायचं का मोबाईलवरच भागवायचं?

मागच्या अंकात लांबच्या प्रवासाआधी गाडी कशी तपासायची त्यावर लिहिलं होतं, तेव्हापासून रस्ता दाखवणाऱ्या यंत्राबद्दलच जास्त प्रश्न आलेत, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि वाचकांची नावं न छापता नुसता भाग दिलाय.

इंदिरानगरहून एक वाचक: नमस्कार. मी रिटायर्ड शिक्षिका, मिस्टर गाडी चालवतात. पेठ तालुक्यात आमची थोडी शेती आहे, महिन्यातून एखादी चक्कर असतेच, कधी पुढे सुरगाण्याकडे नातेवाईकांकडेही जातो. सावळघाट आला की रेंज जाते आणि मोबाईलवरचा मॅप रिकामा दिसायला लागतो. मुलगा म्हणतो गाडीत काचेला लावायचा पोर्टेबल जीपीएस घ्या, त्याला नेट लागत नाही. घ्यावा का? घेतला तर कुठला, किती इंचाचा?

उत्तर: ताई, मुलगा म्हणतो ते खरं आहे पण अर्धंच. त्या यंत्राला उपग्रहाचा सिग्नल घ्यायला नेट लागत नाही, पण ते तुमच्या मोबाईललाही लागत नाही, सिम काढून टाकलं तरी मोबाईलमधला जीपीएस चालतो. वर साधारण २०,२०० किलोमीटरवर अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह फिरतायत, ते सतत आपली वेळ आणि जागा सांगत राहतात, आपला फोन फक्त ऐकतो, परत काही पाठवत नाही, आणि किमान चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत ते फोन स्वतःच काढतो. हल्लीचे फोन रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेइदू उपग्रहही ऐकतात त्यामुळे घाटातसुद्धा चार मिळणं फार अवघड नसतं. मग सावळघाटात होतं काय, तर निळा ठिपका जागच्या जागी बरोबर असतो पण त्याच्याखालचा नकाशा नेटवरून तुकड्या-तुकड्याने येत असतो, तो यायचा थांबतो. म्हणजे तुम्हाला हवाय तो नकाशा, आणि तो आधीच फोनमध्ये भरून ठेवता येतो, फुकट.

घरी वायफाय असताना गूगल मॅप्समध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोच्या गोलावर बोट लावा, ऑफलाइन मॅप्स असा पर्याय येईल, त्यात स्वतः भाग निवडायचा म्हटलं की एक चौकोन येतो, तो नाशिकपासून पेठ, सुरगाणा, हरसूल आणि पलीकडे धरमपूरपर्यंत बसेल असा लावून डाउनलोड करा. हा उतरवलेला नकाशा कायमचा नसतो, अपडेट केला नाही तर साधारण वर्षभरात जातो, म्हणून अधूनमधून वायफायवर अपडेट करत जा. आणि नेट नसताना गाडीचा रस्ता दाखवेल पण ट्रॅफिक दाखवणार नाही आणि पायी जायचा रस्ताही देणार नाही. माझं तर म्हणणं आहे की याच्या जोडीला ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यातलं एखादं अॅपही टाकून ठेवाच. ती दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या, लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात, आणि त्यांच्यात अख्खा महाराष्ट्र एकदम उतरवून ठेवता येतो. आडबाजूच्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा कधी गूगलमध्ये सापडतात, कधी यात, दोन्ही जवळ असले की अडत नाही.

एवढं करून महिनाभर वापरून बघा आणि मगच वेगळं यंत्र घ्यायचं का ते ठरवा. वेगळं यंत्र मी कुणाला सांगतो तर ज्यांचा फोन सारखा वाजतो आणि ऐन वळणावर कॉल येऊन नकाशा झाकला जातो त्यांना, किंवा ज्यांना फोनची स्क्रीन लहान पडते आणि एकच काम करणारी, मोठी अक्षरं असलेली वस्तू समोर हवी असते त्यांना. तुमच्या घरात दुसऱ्या कारणाची शक्यता मला दिसते, म्हणून घ्यायचंच ठरलं तर काय बघायचं तेही सांगतो.

पहिल्यांदा नकाशा बघा, इंच नंतर. विकणारा स्क्रीन दाखवतो, ब्लूटूथ दाखवतो, तुम्ही त्याला सांगा की नाशिक ते ठाणे रूट लावून दाखव. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तो जर त्या यंत्राला माहीतच नसेल तर नकाशा त्याच्या आधीचा आहे हे तिथल्या तिथे कळतं. मग नाशिक ते नागपूर लावायला सांगा. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालाय, तोही नसेल तर ते यंत्र हातात न घेतलेलं बरं, कारण समृद्धीवर गाडी चालत असताना ते तुम्हाला शेतातून चाललाय असं दाखवेल आणि सारखं मागे वळा म्हणून सांगत बसेल. त्यानंतर तुमच्या गावाचं नाव टाका, गावाचं पाहिजे, तालुक्याचं नको, आणि ते शोधायला किती वेळ लागतो, स्पेलिंग थोडं चुकलं तर सापडतं का ते बघा. आपल्याकडच्या गावांची इंग्रजी स्पेलिंग तीन-तीन प्रकारांनी लिहितात आणि जुन्या यंत्रांना एकच प्रकार कळतो, हा त्रास रोजचा आहे.

नकाशा पसंत पडला की मग विचारा पुढचे अपडेट फुकट का विकत, आणि किती वर्षं. लाइफटाइम मॅप असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तुमचं आयुष्य नाही, कंपनी त्या मॉडेलला सपोर्ट देते आहे तोपर्यंत एवढाच असतो. स्क्रीन म्हणाल तर सहा इंच पुरते, सात इंचाचं यंत्र छोट्या गाडीत काचेचा बराच भाग अडवतं. ती उन्हात दिसते का ते मात्र दुकानाबाहेर आणून दुपारी बघा, ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन छान दिसतात. आवाज ऐका, मराठी नसला तर हिंदी आहे का, मिस्टरांना कळेल इतका मोठा होतो का. आपल्याकडे पोर्टेबल युनिटचा बाजार आता आकसलाय, त्यामुळे एम. जी. रोडला दोन-तीन दुकानं फिरून एखादंच मॉडेल हाताला लागेल आणि तेही कधीपासून पडून असेल सांगता येत नाही, म्हणून वरच्या परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

गंगापूर रोडहून: भाऊ डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय, तिकडे गार्मिन कंपनीचा जीपीएस स्वस्त मिळतो म्हणतो. मागवू का? त्याच्याकडे ट्रेकिंगचा एक छोटा जीपीएसही आहे, त्यावरून मेसेज पाठवता येतात, तो पण आणतो म्हणाला.

उत्तर: गाडीचा मागवायचा असेल तर आधी त्याला मॉडेल नंबर विचारा. तिकडे विकतात त्यात उत्तर अमेरिकेचा नकाशा असतो, भारताचा नसतो. भारताचा गार्मिनचा नकाशा सिटी नॅव्हिगेटर इंडिया नावाने वेगळा विकत घ्यावा लागतो, त्याची किंमत मिळवली की स्वस्तपणा बराचसा जातो. बऱ्याच गार्मिन युनिटांत ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेला भारताचा नकाशा मेमरी कार्डवर टाकून चालवता येतो, तो फुकट असतो, पण ते करायला थोडी खटपट यावी लागते आणि कार्डाचा खाचा त्या मॉडेलला आहे का हेही आधी बघावं लागतं. शिवाय ट्रॅफिकची सोय, स्पीड कॅमेऱ्याची सूचना वगैरे जे तिकडच्या जाहिरातीत दिसतं ते इथे तसंच मिळेल असं धरून चालू नका.

दुसरी वस्तू मात्र अजिबात आणू देऊ नका, भावाला आजच फोन करून सांगा. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी ती यंत्रं, म्हणजे इनरीचसारखी, आपल्याकडे सॅटेलाइट फोनच्याच रांगेत धरतात आणि दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ती बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर बॅगेत सापडली म्हणून परदेशी प्रवाशांवर गुन्हे दाखल झालेत, अटकाही झाल्यात. नुसता सिग्नल ऐकणारा जीपीएस चालतो, पाठवणारा नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला पोलीस स्टेशन आणि कोर्ट दाखवायची वेळ येऊ नये.

सिडकोहून: कपाट आवरताना २०१० च्या सुमाराचं गाडीचं जीपीएस युनिट सापडलं. चार्ज होतं, चालू होतं, पण सिग्नल शोधतोय एवढंच दाखवत बसतं आणि तारीख भलतीच जुनी दाखवतं. दुरुस्त होईल का, का भंगारात देऊ?

उत्तर: भंगारात देऊ नका एवढ्यात, यात बहुतेक काही बिघडलेलंच नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षं बंद असल्यामुळे कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे याची जुनी यादी निरुपयोगी झालीये. नवी यादी उपग्रहच पाठवतात पण फार सावकाश, पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात आणि मधे सिग्नल तुटला तर आणखी वेळ. गच्चीवर किंवा मैदानात, जिथून सगळं आकाश दिसतं तिथे चार्जरला लावून अर्धा तास न हलवता ठेवा. घरात टीव्हीशेजारी ठेवून वाट बघत बसलात तर दिवसभर काही होणार नाही. फोनला हे लगेच जमतं कारण तो ती माहिती मोबाईल नेटवर्कवरून घेतो, तुमच्या यंत्राला ती सोय नाही.

तारखेचं कारण जास्त मजेदार आहे. जीपीएसच्या मूळ सिग्नलमध्ये आठवड्याचा नंबर लिहायला १० बिट दिलेत, म्हणजे ० ते १०२३ एवढेच आठवडे मोजता येतात, मग परत शून्य. साधारण १९ वर्षं ८ महिन्यांनी हा काटा फिरतो. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये फिरला, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ ला, आणि जी यंत्रं दुसऱ्या वेळेसाठी तयार नव्हती ती तारीख तेवढी मागे दाखवतात. पुढचा फेरा २०३८ मध्ये. जागा काढायला याचा सहसा अडथळा येत नाही, पोचायची वेळ आणि रात्रीचा काळा स्क्रीन मात्र चुकू शकतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर अपडेट असेल तर कॉम्प्युटरला जोडून टाका, तारीख बरोबर येईल.

पण खरा प्रश्न नकाशाचाच. त्याची मेमरी कमी असणार आणि आताचा नकाशा त्यात मावेल का हेच आधी बघा. बॅटरीही तपासा, मागचं झाकण जराही फुगलेलं दिसलं तर ते परत चार्जिंगला लावायचं नाही, उन्हात तापलेल्या गाडीत तर नाहीच नाही. नकाशा जुनाच राहणार असेल तरी त्याचा एक उपयोग आहे, खरा वेग दाखवणारा मीटर म्हणून. गाडीचा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये असा दंडक असल्यामुळे कंपन्या तो थोडा जास्तच दाखवेल असा ठेवतात, म्हणून काटा ८० वर असताना जीपीएस ७६-७७ म्हणतो. सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात जीपीएसचा आकडा जास्त विश्वासाचा.

अंबड एमआयडीसीतून: कंपनीच्या गाडीला जीपीएस बसवून घ्या असं मालक म्हणाले, दुकानदाराने एक डबा वायरिंगला जोडून दिला, पण स्क्रीनच नाही. फसवलं का?

उत्तर: फसवलं नाही. तो ट्रॅकर आहे. तो गाडी कुठे आहे ते सिमवरून मालकाला सांगतो, ड्रायव्हरला रस्ता सांगत नाही. मालकाला नेमकं काय हवं होतं ते विचारून घ्या, बहुतेक त्यांना हेच हवं असेल.

पंचवटीतून: मुंबई-आग्रा हायवेवर शहरातल्या फ्लायओव्हरखालून जात असलो तरी मॅप मी वरून चाललोय असं धरतो आणि द्वारकेचं वळण सांगतच नाही. महागडा जीपीएस घेतला तर हे थांबेल का?

उत्तर: नाही थांबणार, आणि हे आधीच कळलेलं बरं. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन जमिनीवरची जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो, पण उंची काढण्यात त्याची चूक त्याहून जास्त असते. कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच्या बाजूला, पायाखाली एकही नाही, त्यामुळे आडव्या दिशेला दोन्ही बाजूंनी जसा ताळा लावता येतो तसा उभ्या दिशेला लावता येत नाही. फ्लायओव्हर आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक पडतात, उंचीतला फरक थोडाच, वरून काँक्रीटमुळे खाली सिग्नलही अर्धवट पोचतो. मग सॉफ्टवेअर अंदाज करतं आणि मोठा रस्ता धरतं.

उपाय सॉफ्टवेअरच्याच बाजूने येतोय. गूगलने २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांत पुढे फ्लायओव्हर आहे, वर चढायचं का ते सांगायला सुरुवात केली. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स अॅपमध्ये मोठ्या जंक्शनचं खऱ्यासारखं चित्र येतं आणि कुठली लेन धरायची ते दिसतं. मुंबईकडून येताना चढायचं का खालून जायचं हे सांगणारा जो क्षण असतो तेवढ्यापुरतं हे चित्र फार कामाचं आहे, मला ते आवडतं. खालून जाताना मात्र मुंबई नाका आणि द्वारका इथे मॅपवर विसंबू नका, बोर्ड बघा. आपल्या शहरात तरी ही दोन वळणं पाठच असावीत.

नाशिकरोडहून: यंत्र किंवा फोन नेमका कुठे लावावा? काचेवरचा होल्डर उन्हाळ्यात सारखा पडतो आणि फोन तापून बंद होतो.

उत्तर: ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेखाली, काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा एसीच्या जाळीसमोर. रस्त्याचा कुठलाच भाग झाकला जाऊ नये आणि एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये, बॅग फुगली की ती वस्तू दगडासारखी तोंडावर येते. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि बंद गाडीत काचेखाली त्याच्या कितीतरी वर. अॅपल आपल्या फोनसाठी वापरताना ० ते ३५ अंश एवढंच तापमान सांगतं, म्हणजे आपल्या दुपारच्या उन्हात फोन काचेला लावणं हेच मुळात त्याच्या ताकदीबाहेर. वर चार्जिंग चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात, नेट चालू, मग तो बंद पडेल नाहीतर काय. एसीच्या जाळीवरचा होल्डर उन्हाळ्यात उत्तम कारण मागून गार हवा लागते. गाडी उभी केली की यंत्र काढून घ्यायचं, उन्हासाठी आणि चोरासाठीही. सक्शनचा होल्डर पडतो तो बहुतेक धुळीमुळे, रबर कोमट पाण्याने धुऊन वाळवून आणि काच पुसून लावा.

चार्जर चांगला घ्या. सॉकेटमध्ये घालायचे शंभर रुपयांचे चार्जर नकाशा चालू असताना पुरे पडत नाहीत, बॅटरी भरण्याऐवजी उतरतच राहते, आणि काही हलके चार्जर आणि डॅशकॅम इतका गोंगाट करतात की जवळच्या जीपीएसला उपग्रह ऐकूच येत नाही. सिग्नल विनाकारण जातोय असं वाटलं तर आधी शेजारचं सगळं काढून बघा. आणि काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन परतवायला धातूचा अगदी पातळ थर असतो, त्यातून सिग्नल कमी येतो, अशा काचेत आरशाजवळ एक मोकळा भाग ठेवलेला असतो तिथे यंत्र नेऊन फरक पडतो का बघा.

सातपूरहून: जुन्या गाडीत नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवू का डॅशबोर्डवर ठेवायची पोर्टेबल स्क्रीन घेऊ? की टॅबलेटच लावू?

उत्तर: पोर्टेबल स्क्रीन म्हणून जे मिळतं ते बहुतेक फोनचंच चित्र अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने मोठं करून दाखवतं, रस्ता फोनच शोधतो. वाईट नाही, वायरिंगला हात लागत नाही आणि गाडी विकली तर काढून घेता येतं. अँड्रॉइड स्टिरिओला स्वतःचा जीपीएस असतो पण त्याचा अँटेना बसवणारे लोक घाईत डॅशबोर्डच्या आत धातूच्या पट्टीखाली कोंबून देतात आणि मग बाण रस्ता सोडून पळतो. उभं राहून बसवून घ्या, अँटेना काचेजवळ, तोंड आकाशाकडे. टॅबलेटमध्ये फसू नका, वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, सिमवाल्यातच असतो, आणि इतर कंपन्यांच्या टॅबलेटचंही घेण्याआधी तपासा. घरात जुना पण धड फोन पडला असेल तर तोच गाडीसाठी वेगळा ठेवा, नकाशे भरून, सिमशिवाय. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांना एवढं पुरतं.

कॉलेज रोडहून: नाविक आपलं स्वदेशी आहे, मग नाविक असलेलंच यंत्र घ्यावं ना?

उत्तर: भावना पटते, मलाही इस्रोचं हे काम अभिमानाचं वाटतं. १ जुलै २०१३ ला पहिला उपग्रह गेला, सात उपग्रहांची ही आपली स्वतःची, जीपीएससारखी यंत्रणा. पण काही उपग्रहांतली अणुघड्याळं बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्यामुळे आज नुसत्या नाविकवर गाडी चालवायची स्थिती नाही, ते जीपीएसच्या जोडीला असतं. चिपमध्ये असेल तर चांगलंच, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारं यंत्र निवडा, उंच बिल्डिंगवरून किंवा घाटाच्या कड्यावरून सिग्नल आपटून येतो तेव्हाची चूक त्यात कमी होते.

घोटीहून: समृद्धीच्या बोगद्यात जीपीएस बंद पडतो. पुढचा एक्झिट चुकला तर लांबचा फेरा बसेल अशी भीती वाटते.

उत्तर: बोगद्यात उपग्रह ऐकू येणारच नाहीत, कुठल्याच यंत्राला नाही. इगतपुरी-कसाऱ्याचा जुळा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा, म्हणजे चांगली पाचेक मिनिटं. तेवढ्यात फोन आणि पोर्टेबल यंत्रं शेवटच्या वेगावरून अंदाजाने बाण पुढे नेतात. गाडीत कंपनीतूनच बसवून आलेल्या नॅव्हिगेशनला चाकांच्या फिरण्याची माहिती मिळत असली तर ते बोगद्यात जास्त बरोबर राहतं, पोर्टेबल यंत्राला ती वायर नसते, हा दोन्हींतला खरा फरक आहे. बाहेर आल्यावर काही सेकंदांत जागा परत सापडते. बोगद्याआधीच पुढचा एक्झिट बघून ठेवा, आणि बाण अडकला म्हणून आत वेग कमी करू नका, मागून गाड्या येत असतात.

सातपूरहूनच दुसरे वाचक: मोबाईलवर मॅप लावला म्हणून पोलीस पकडतात का?

उत्तर: १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झालाय, फक्त रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. फोन होल्डरमध्ये, पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकलेला. हातात धरून चालवलंत तर मॅप बघत होतो म्हणून वाद घालू नका.

दिंडोरीहून: आमचा द्राक्षाचा मळा गावापासून आत आहे. व्यापाऱ्यांच्या गाड्या, पाहुणे सगळे वाट चुकतात, मॅपवर गावाचं नाव टाकलं की ग्रामपंचायतीसमोर आणून सोडतो. काही उपाय?

उत्तर: आहे, आणि यंत्र विकत न घेता. मळ्याच्या फाटकावर उभं राहून गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, खाली एक छोटा कोड येतो, त्याला प्लस कोड म्हणतात, तो पाठवला की समोरचा नेमका तिथेच येतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, त्यात अख्ख्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड दिलाय, तोही काढून ठेवा. पण एक काळजी घ्या. कोड जागा सांगतो, वाट सांगत नाही. मॅप जवळचा रस्ता म्हणून पाटाच्या कडेची बैलगाडीवाट दाखवत असेल तर भरलेली पिकअप तिथेच रुतणार, म्हणून घराचा कोड देण्याऐवजी जिथून डांबरी सोडायची त्या वळणाचा कोड आधी द्या, तिथून पुढे फोन करा म्हणावं.

मळ्यापर्यंतची खरी वाट नकाशात नसेल तर ती तुम्ही स्वतः घालू शकता. गूगल मॅप्समध्ये चुकीचा किंवा नसलेला रस्ता कळवायची सोय आहे, ती वाट बोटाने काढून पाठवायची, तपासून मग चढते, त्याला वेळ लागतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खातं उघडून तुम्ही थेट उपग्रहाच्या फोटोवर वाट आखू शकता, कच्ची का पक्की तेही लिहू शकता, आणि ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या अॅपमध्ये ती पुढच्या अपडेटला दिसते. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे शिकवा, एका रविवारात शिवारातल्या कितीतरी वाटा घालून होतील. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकच्या आसपास रस्ते बदलतायत, वळवलेही जातील, तेव्हा ज्यांच्या वाटा नकाशात नीट असतील त्यांच्या गाड्या अडकणार नाहीत. छाटणी झाली की हे काम घ्या, हंगामाची गर्दी सुरू व्हायच्या आत.